शुक्रवारचा नाला

शलाका विद्यापीठात पर्यावरणशास्त्र आणि धोरण शिकत होती. म्हणजे जो नाला तिने लहानपणापासून मावशीकडे जाताना नाक दाबून ओलांडला, तोच आता हातमोजे घालून मार्कांसाठी न्याहाळत होती. प्रोजेक्टचं नाव प्रमोद सरांनीच ठरवून दिलं होतं : 'उल्हासनगरच्या नाल्याचा कायापालट'. निष्कर्ष आधी, अभ्यास मागाहून. साखरपुडा आधी उरकायचा आणि मुलगी नंतर बघायला जायचं, त्यातलीच गत.

सर गेली पाच वर्षं मुलांना घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प तीन भागात या नाल्यावर येत होते, आणि येत होते ते शुक्रवारीच. का, तर शुक्रवारी त्यांना लेक्चर नसायचं. संशोधनाला असा भक्कम शास्त्रीय पाया लागतोच. बाटल्या भरल्या, आकडे घेतले, की दरवर्षी पाणी आपलं आदल्या वर्षीपेक्षा गोजिरवाणं! त्या पाण्यावर सरांचे तीन पेपर आणि एक शाल झाली होती.

तोंडी परीक्षेच्या आधीच्या सोमवारी शलाका कॅम्प तीनला द्रौपदीमावशीकडे गेली. मावशी नाल्याला लागूनच राहायची आणि घरी बसून जीन्सचे धागे कापायची. शलाकाने मोठ्या ऐटीत तिला सरांचा आलेख दाखवला.

मावशीने कात्री थांबवली. "हे पाणी कधीचं गं?"

"शुक्रवारचं."

"अगं येडे, शुक्रवारी कारखाने बंद! रंगवाले बंद, धुलाईवाले बंद. नाल्याला पण सुट्टी. उद्या ये, निळाशार दाखवते. काळ्या जीन्सची ऑर्डर असली ना, तर काळाकुट्ट."

शलाकाची खारी चहात बुडाली ती बुडालीच. बदलापुरात जन्म गेला, शुक्रवारची सुट्टी तिला पाळण्यापासून ठाऊक होती. पण विद्यापीठात गेलं की घरचं माहीत असलेलं आधी विसरायचं असतं, हा अलिखित पेपर ती अव्वल नंबराने पास झाली होती.

मंगळवारी तिने बाटली भरली. लॅबमध्ये प्रदूषणाचा आकडा असा चढला, की तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तोच. तशीच धावत ती सरांकडे गेली.

सर मायेने हसले. "बेटा, धोरणाला सातत्य लागतं. पाच वर्षांच्या कामावर एका मंगळवारने पाणी फिरवायचं? ती बाटली विसर. शेवटी मार्क..."

पुढचं सरांनी गिळलं, तरी शलाकाला ऐकू आलं. नापास म्हणजे वर्ष फुकट. आणि तिची आई तर "आमची शलाका सायंटिस्ट होणार" असं अख्ख्या कुळगाव-बदलापुराला सांगून बसलेली.

गुरुवारी तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षक शीला मॅडम आलेख बघून खूश झाल्या. "वा! हे सगळे नमुने कधी घेतलेत?"

सरांनी शलाकाकडे असं पाहिलं, जसं शिळी भाजी वाढताना यजमानीण पाहुण्याच्या पोराकडे पाहते. शलाकाने नजर वहीत खुपसली. पण तोंड? ते तिचं लहानपणापासूनच स्वतंत्र खातं होतं.

"शुक्रवारी, मॅडम. पाचही वर्षं. शुक्रवारी तिथले कारखाने बंद असतात. मंगळवारचे आकडे हे बघा." तिने वहीतून कागद काढून समोर ठेवला.



सर खाकरले. "मॅडम, ते मुद्दामच. शुक्रवारचे नमुने तुलनेसाठी घेतले होते. कारखाने बंद असतानाची स्थिती. माझीच कल्पना ती."

गप्प बसली असती, तर मार्क पडलेच होते. सरांनी डोळ्यांनी तसं कबूलही केलं होतं.

"हो मॅडम," शलाका म्हणाली, "सर पाच वर्षं तुलनेची तयारी करत होते. तुलना परवा सुरू झाली."

शीला मॅडमना ठसका लागला. सरांचं पेन मार्कांच्या रकान्यावर टेकत होतं, तेवढ्यात मॅडमनी गुणपत्रिका अलगद स्वतःकडे ओढून घेतली.

"हिचे मार्क मी देते, प्रमोदजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही तोवर या नाल्यावर छापलेले तुमचे ते तीन पेपर काढा बघू."