जवळचा कर्ता

“मिस, फॅमिली इज की फॅमिली आर? म्हणजे… तुमची?”

खडूचा तुकडा फळ्यावर टेकला होता तिथेच थांबला. इतका झिजलेला, की मिसच्या दोन नखांमध्ये जेमतेम मावत होता, आणि प्रश्न विचारणाऱ्या भोंग्याला आधी तो तुकडाच दिसला, मिसचा चेहरा नंतर. बोटांवरची पांढरी भुकटी, अंगठ्याजवळची कोरडी भेग, आणि फळ्यावर एक अर्धवट एस, वरचं वळण झालेला, खालचं राहिलेला… मागच्या बाकावर तिच्या मैत्रिणीने, टाचणीने, तोंडावर हात दाबून हसू गिळलं. पैज टाचणीचीच. ‘हिंमत असेल तर विचारून दाखव, वर्षभर तुला भोंगा म्हणणार नाही.’ पण भोंगा म्हटलेलं तिला आवडायचं, हीच तर गंमत! आधी हजेरीला ‘हजर’ म्हटलेलं जिचं तिलाच ऐकू येत नसे, तिने एकदा माइक बंद पडला म्हणून आख्खं भाषण नुसत्या गळ्यावर फाटकापर्यंत पोचवलं होतं. तेव्हापासून ती भोंगा, आणि तेव्हापासून तिला वाटायचं, आपल्याला आता काहीही विचारता येतं, कुणालाही. फक्त आज घरी उलटं होतं. घरी तिलाच विचारणार होते.

मिसचा नवरा त्यांना सोडून गेलाय हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

“माझी?” मिस म्हणाल्या. “माझी इज. एकटीच आहे ना मी. व्याकरण सोपं झालंय.”

कुणी हसलं नाही. टाचणीसुद्धा. मग मिसनी एसचं खालचं वळण पुरं केलं आणि प्रश्न जणू पुस्तकातलाच होता अशा आवाजात सांगून टाकलं, की घरातली सगळी मिळून एकच काही करत असतील तर इज, आणि जो तो आपापलं करत असेल तर आर. म्हणजे शब्द तोच, घर तेच, फक्त आत काय चाललंय ते क्रियापदाला कळतं.

क्रियापदाला कळतं… आणि तिला? तिला कुठे कळलं होतं? बाबा बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे, आई आत कपड्यांच्या घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायची, आणि ती मधल्या दारात उभी राहून दोघांना एकदम शाळेतल्या गमती सांगायची, अर्धं तोंड इकडे, अर्धं तिकडे. केवढी हसायची दोघं! वेगवेगळ्या खोल्यांत. आणि काल त्यांनी तिला समोर बसवून शांतपणे सांगितलं, की बाबांची बदली झालीय, आई त्यांच्याबरोबर जाणार नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही. भांडण काही नाही गं, फक्त यापुढे वेगळं राहायचं. ‘तू कुणाकडे राहणार ते तू ठरव, उद्या संध्याकाळी सांग. आम्ही कुणीच रागावणार नाही.’ आम्ही कुणीच! इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि तेही यावर. त्यांनी आरडाओरडा केला असता, ताटं आपटली असती, तर तिला एका बाजूला पळता तरी आलं असतं…

“लक्ष कुठे आहे?” मिस तिच्याकडेच बघत होत्या. “नाइदर-नॉर. हाही नाही आणि तोही नाही. दोन कर्ते, मग क्रियापदाने कुणाचं ऐकायचं?”

ती उभी राहिली. आवाज खणखणीत आला, नको तितका. “माहीत नाही, मिस.”

“जवळच्याचं. जो कर्ता क्रियापदाच्या जवळ, त्याचं. बस खाली.”

जवळचा. ती बसली आणि तो शब्द तिच्या शेजारी येऊन बसला. जवळचा म्हणजे काय, मिस? जो शेजारी असतो तो, की जो… आई या घरात राहणार, या शाळेजवळ, या टाचणीजवळ, आई जवळची. आणि बाबा जाणार, पण रात्री तिला दचकून जाग आली की ती हाक कुणाला मारते? दोघांना मारून बघितली नव्हती कधी. एकालाच मारली होती. तरी क्रियापद तसलं काही बघत नाही, क्रियापद फक्त अंतर बघतं. माया कुठे ठेवायची याला व्याकरणात जागाच नाही. किती सोपं, किती दुष्ट!

आणि मागच्या आठवड्यात याच वर्गात ती ठणकावून म्हणाली होती, माय फादर आर अ टॉल मॅन. सगळा वर्ग फुटला. “किती वडील आहेत गं तुला?” मिसनी विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, “एकच, पण इज म्हटलं की अरे-तुरे केल्यासारखं वाटतं, मिस.” तेव्हा मिसही हसल्या होत्या, डोळ्यांत पाणी येईतो. पण चुकलं काय होतं तिचं? आई आली. बाबा आले. आई एकटी येते, बाबा घोळक्याने येतात… लहानपणापासून तिच्या तोंडात बाबा म्हणजे अनेक माणसं. मग अनेकांमधलं एखादं मागे का राहू नये? एक बदलीच्या गावी जाईल, एक इथे आवाज बंद करून टीव्ही बघेल…

शाळा सुटल्यावर टाचणी तिच्या दप्तराचा पट्टा ओढत म्हणाली, “तोंड का पाडलंयस? जिंकलीस की!”

“हो ना.”

“मिस रडल्या का गं नंतर? मला आता कसंतरीच वाटतंय.”

“नाही रडल्या.”

सांगावं का हिला? काय सांगायचं? बाबा गेले म्हटलं तर ही इथेच रस्त्यात गळ्यात पडेल, वेगळाच अर्थ काढून. जिवंत माणूस घरातून जातो त्याला साधं क्रियापदही नाही… टाचणी स्वतःच्या वडिलांना तू म्हणते. ‘ए बाबा, पेन दे ना.’ किती जवळ उभी असल्यासारखी! भोंग्याने एकदा न्हाणीघरात नळ सोडून, कुणाला ऐकू जाणार नाही असं बघून, म्हणून पाहिलं होतं: बाबा, तू. आणि लाजून स्वतःच खुदकन हसली होती.

इस्त्रीवाल्याच्या टपरीशी टाचणी वळली. पुढचा रस्ता एकटीचा. चपलेचा पट्टा प्रत्येक पावलाला बारीक स्स, स्स करत होता, आणि तिला तो एस आठवला. माय पेरेंट्स लिव्ह, इथे एस नाही. माय मदर लिव्ह्ज. माय फादर लिव्ह्ज. माणूस एकटं झालं की त्याच्या क्रियापदामागे ती फुत्कारणारी शेपटी लागते. आज घरी जाऊन ती एक वाक्य बोलणार, आणि कुणालातरी ती शेपटी लागणार. तिच्या तोंडून. तिचा एवढा मोठा आवाज, तो याचसाठी मोठा झाला होता का?

घरी दोघं लवकर आली होती. आईने चहा टाकला होता, बाबांनी कप मांडले होते, तीन; पाहुण्यांकडे गेल्यासारखं सगळं नीट.

“आधी हातपाय धू,” आई म्हणाली.

“काय म्हणतो आमचा भोंगा?” बाबा म्हणाले. “आज कुणाचे कान फोडले?”

“इंग्लिशच्या मिसचे.”

“शाब्बास!”

ती पलंगावर आईशेजारी बसली. ठरवून नाही, तिथे जागा होती म्हणून. बाबांची खुर्ची दिव्याच्या आड येत होती. तिच्या तोंडावर सावली पडली तशी त्यांनी ती नेहमीसारखी, काही न बोलता, मागे सरकवली. हातभर मागे. तिला उजेड मिळावा म्हणून… ती ओरडणार होती, नका सरकू, आज नका सरकू! पण खुर्ची सरकून झाली होती.

“घाई नाही हं,” आई कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाली.

“अजिबात नाही,” बाबा म्हणाले.

पुन्हा एकमत.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. आवाज लहान आला, जुन्या हजेरीसारखा. “मी इथे राहणार. आईजवळ.”

आईने तिचा हात धरला नाही. ती फक्त बाबांकडे बघत राहिली. बाबांनी मान हलवली, बरोबर उत्तर आल्यासारखी. आणि भोंगा त्यांच्याकडे बघत असताना घोळका पांगत गेला… आले, बसले, म्हणाले, हसले, सगळे एकेक करून निघून गेले, आणि मागे खुर्चीत एक माणूस उरला, दाढीचे खुंट वाढलेला, हातातला चहा न प्यायलेला. ओठांवर आलेलं ‘तुम्ही’ त्याला फार मोठं होत होतं. तिने ते गिळलं.

“आणि बाबा… तू जाशील ना, तेव्हा मला उठवून जा. नुसता निघून जाऊ नकोस.”