पस्तीस चिठ्ठ्यांची मतपेटी

गुरुवार, १४ ऑक्टोबर २००४. सायंकाळचे साडेसात. माझ्या पोटात पस्तीस चिठ्ठ्या होत्या. एका कुटुंबाची एक.

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. आयर्लंडमधल्या नास गावच्या सुतारशाळेत ओकच्या फळ्यांना खाचा पाडून, एकही खिळा न ठोकता मला जोडले. गावच्या प्राथमिक शाळेच्या पालकसभेत माझा मोठा मान असे. पुढे हात वर करून मते मोजू लागले आणि मी इथल्या भाषेत 'प्रेस'मध्ये, म्हणजे कपाटात, धूळ खात पडले.

त्या दिवशी मला पुन्हा बाहेर काढले, कारण प्रश्न नाजूक होता. शाळेतली एकमेव रिकामी खोली परदेशांतून आलेल्या मुलांच्या जादा इंग्रजी शिकवणीसाठी राखून ठेवावी, की सर्वांच्या संगीतासाठी द्यावी? मुख्याध्यापिका ब्रीडबाईंनी शिकवणीची सूचना मांडताच टाळ्या पडल्या. "ग्रँड! अगदी ग्रँड!" सगळे म्हणाले. मग जो तो हाताचा आडोसा करून चिठ्ठी लिहू लागला.

पुण्याहून आलेले संगणक अभियंता नंदकुमार आणि त्यांच्या पत्नी चित्रा माझ्याशेजारीच उभे होते. सहा वर्षांची रेवती आईला बिलगली होती.

"अहो, 'हो' लिहा," चित्राताई म्हणाल्या. "सकाळी पोर पाणीच पीत नाही. वर्गात 'बाहेर जाऊ का' म्हणता येत नाही ना तिला!"

"शिकेल गं. मी इथं गुणवत्तेवर आलोय. माझ्या मुलीला राखीव खोली कशाला? उद्या म्हणतील, कुबड्या घेऊन आले."

"कोण म्हणणार आहे? आणि म्हणेना का!"

"बरं बाई, बरं. लिहितो."

त्यांनी लिहिले, चौपदरी घडी घातली आणि चिठ्ठी माझ्यात टाकली. सुबक अक्षरात लिहिले होते, 'नाही'.

मला वाचता येते, बोलता येत नाही. ती चिठ्ठी मी फटीत अडकवूनही ठेवू शकले नाही. सुताराने मला फार गुळगुळीत घासले आहे.

मोजणी झाली. खोली संगीताला गेली.

"एकाच मतानं हो!" चित्राताईंचा आवाज चिरकला. "कोण असेल मेला?"

नंदकुमार खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. ती सुटलेली नव्हती. कुणीतरी रेवतीपुढे सरबताचा पेला धरला. तिने तो हळूच मागे सारला.

मित्रांनो, मला पुसू नका, पॉलिशही करू नका. मात्र माझ्यात चिठ्ठी टाकण्यापूर्वी, जिच्यासाठी ती टाकायची तिच्याकडे एकदा पाहा. मी जे मिळते तेच परत देते.

बाजूने सतरा, विरुद्ध अठरा.