रुमालाखालचा अंगठा

ऐका ना, मध्ये कोणी बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटेल. तर आत्याच्या दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथं असतं काय, तर व्हीलचेअरची चाकं, कुबड्या, वॉकर, ग्रीसचा डबा आणि आत्या. त्या दिवशी अख्खी गल्ली आत. सलूनवाला खिशात कंगवा खोचून तसाच गिऱ्हाईक सोडून आलेला, चष्मेवाला, झेरॉक्सवाली ताई, लाँड्रीवाले काका. आणि मधोमध, दुरुस्तीला आलेल्या एका व्हीलचेअरवर, म्हणजे चक्क पेशंटच्या खुर्चीत, मांडी घालून नकाशेबुवा.

नाव मी ठेवलंय. तो स्वतःला डिजिटल शुद्धिकार म्हणवतो. तुमच्या धंद्याची इंटरनेटवर चुकीची माहिती असेल, तर हा पैसे घेऊन ती दुरुस्त करतो. करायची कशी, तर तुमचाच फोन हातात घ्यायचा, वर जांभळा रेशमी रुमाल टाकायचा, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं. रुमाल काढला की फोनवर सगळं बरोबर. सलूनवाल्याचं दुकान कधीपासून 'कायमचं बंद' दाखवत होतं. रुमाल फिरला आणि 'चालू आहे' आलं. तेव्हापासून हा गडी बुवाची दाढी फुकट करतोय.

मला त्या माणसाचं तोंडही बघवत नव्हतं. पण आत्याचं दुखणं खरं होतं. नकाशा तिचं दुकान आमच्या गल्लीत दाखवतच नव्हता, मागच्या रस्त्यावर दाखवायचा, तिथल्या त्या लांबलचक पायऱ्यांच्या वरच्या टोकाला. म्हणजे बघा, ज्याला चालता येत नाही तो माणूस खुर्चीतून येणार, नकाशा त्याला पायऱ्यांच्या तळाशी आणून सोडणार, आणि तो वर बघून परत जाणार. किती जण असे गेले असतील, कोण जाणे. आत्या आदल्या रात्री भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "या महिन्यात नाही जमलं तर शटर ओढते. कारखान्यात बघते कुठं." वीस वर्षं त्या ग्रीसमध्ये हात घातलेली बाई.

म्हणून ती बसली त्याच्यासमोर.

"ताई," बुवा म्हणाला, आवाज असा की मधात बुडवलाय, "तुमच्या दुकानाला दोन शरीरं आहेत. एक इथलं. दुसरं क्लाउडमधलं. इथलं ठणठणीत आहे, वरचं आजारी आहे."

"मग डॉक्टर वर पाठवा," मी म्हटलं.

"गप गं," आत्या.

"पोरगी शिकलेली दिसते," बुवा हसला. "शिकलेल्यांच्या लहरी फार आडव्या असतात. नियम लक्षात ठेवा सगळ्यांनी. शुद्धी झाली की दुसऱ्याच्या फोनवर शोधायचं नाही. नाहीतर सगळं उलटं फिरतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. चष्मेवाल्यानं तर आपला फोन बंदच करून टाकला, उगाच कशाला.

आत्याच्या फोनवर रुमाल पडला. बुवा पुटपुटायला लागला, अक्षांश, रेखांश, काय काय. सगळे त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होते. मी रुमालाकडे बघत होते. आणि शपथ सांगते, रुमालाखाली अंगठा हलत होता. टुकटुक, टुकटुक.

रुमाल उचलला. नकाशावर आत्याचं दुकान आमच्या गल्लीत, अगदी सलूनला खेटून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं पदराला हात पुसले आणि डोळेही पुसले. आणि तेवढ्यात त्याच फोनची रिंग वाजली, बुवाच्याच हातात. भाव खायचा म्हणून त्यानं स्पीकर लावला. म्हणाला, "बघा, आलं गिऱ्हाईक."

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज. "व्हीलचेअर दुरुस्त करणाऱ्या ना तुम्ही? मी पोचलेय. नकाशा म्हणतो आलात. पण माझ्यासमोर पायऱ्या आहेत हो, आणि माझं एक चाक जाम झालंय. उन्हात आहे मी."

"तिथंच थांबा, आलोच," आत्या फोनमध्ये ओरडली.

मी आणि सलूनवाला पळत सुटलो. बाई पायऱ्यांशी बसलेल्या, रिक्षा निघून गेलेली, चेहरा लालबुंद. आम्ही वळसा घालून खुर्ची जवळजवळ उचलूनच आणली. वाटेत कळलं, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. मी म्हटलं, आता बुवाचं काही खरं नाही.

आत्यानं पाणी दिलं, आणि माफी मागायच्या आत बुवाच बोलला. "यांच्या फोनमध्ये नकारात्मक लहरी आहेत."

"असतील," बाई पाणी पीत म्हणाल्या. "वयाप्रमाणे असायच्याच. बाकीच्यांचे फोन तर चांगले आहेत ना? काढा सगळ्यांनी. हिचं दुकान शोधा."

"नियम मोडू नका," बुवा.

"का?"

एवढंच विचारलं त्यांनी. बुवा रुमालाची घडी घालायला लागला. झेरॉक्सवाली ताई पुटपुटली, "माझ्यात पायऱ्यांवर दाखवतंय." काका म्हणाले, "माझ्यातही." चष्मेवाल्याचा फोन सुरू व्हायला वेळ लागला, पण त्यातही पायऱ्याच. गल्लीतलं दुकान एकट्या आत्याच्याच फोनवर. मग काकांनी हळूच सलून शोधलं. "अरे," ते म्हणाले, "तू तर अजून कायमचा बंद आहेस."

सलूनवाल्यानं खिशातला कंगवा काढला आणि परत ठेवला.

"पोरी, इकडं ये," बाई मला म्हणाल्या. "याचा फोन घे. 'बदल सुचवा' असं काहीतरी असेल बघ. याचं सलून तलावात टाक."

"माझं का?" सलूनवाला.

"पोहता येतं ना?"

मी टाकलं. रुमाल नाही, मंत्र नाही. सलूनवाल्याच्या फोनवर सलून तलावाच्या मधोमध तरंगायला लागलं. बाकी सगळ्यांच्या फोनवर जागच्या जागी.

"समजलं का?" बाई म्हणाल्या. "जो बदल सुचवतो, त्याला तो आपल्या फोनवर लगेच दिसतो. जगाला दिसतो तो कंपनीनं तपासल्यावर. हा तुमच्याच फोनवरून नुसतं सुचवतो. दुकानाचा फोटो नाही, पुरावा नाही, म्हणून पुढं फेटाळलं जातं. मग काही दिवसांनी तुमच्या फोनवरही जुनं दिसायला लागतं. तेव्हा हा काय म्हणतो?"

"वरचं शरीर परत आजारी पडलं," चष्मेवाला खालच्या आवाजात म्हणाला. "माझी तिसरी बैठक झाली."

"पोरी, ते सलून बाहेर काढ आधी. खोटी माहिती मिनिटभरही ठेवायची नाही."

बुवा उठायला गेला, तर त्या खुर्चीचा ब्रेक कोणी लावलाच नव्हता. खुर्ची मागं सरकली आणि तो कुबड्यांच्या ढिगात. कोणी हात दिला नाही. जाताना म्हणाला, "श्रद्धा नसेल तिथं मी काम करत नाही."

"काम करून पैसे घेतले असतेस तर मी पाया पडले असते," आत्या म्हणाली. इतकं थंड बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "ही बाई उन्हात बसली होती. माझ्या नावावर."

सलूनवाला नंतर म्हणत होता की नकाशावरची सुरुवातीची गडबडही बुवानंच केली असणार. असेल. पण पुरावा नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच पुरेसं वाईट आहे.

आत्यानं आधी बाईंचं चाक सोडवलं. मग आम्ही पाटीचा, दाराचा, गल्लीच्या तोंडाचा फोटो काढला, रीतसर पाठवला, आणि वाट बघितली. हेच खरं काम, कंटाळवाणं आणि फुकट. स्वतःला जमत नसेल तर पैसे देऊन करून घ्या, त्यात लाज कसली, फक्त तुमच्यासमोर, रुमालाशिवाय. मग एक दिवस मी बसस्टॉपवर एका अनोळखी काकूंना म्हटलं, जरा तुमच्या फोनवर व्हीलचेअर दुरुस्ती शोधता का. त्यांनी शोधलं. आमची गल्ली. मी तिथंच त्यांना मिठी मारली, त्या घाबरल्या.

शटर उघडंच आहे. काल आत्याकडे गिऱ्हाईकांची रांग होती, तीही बसून.

एवढंच सांगायचं होतं. आपल्याच फोनवर आपलंच दुकान बघून खूश होऊ नका, शेजाऱ्याचा फोन मागा. आणि दुसरीकडे तपासू नका असं जो सांगेल ना, त्याच्यासमोरच तपासा.