रोदिओन लुकिचच्या पाठीचा साचा

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. अंतराळवीर रोदिओन लुकिच याच्या पाठीचा. यानाच्या आसनात ज्याने त्याने स्वतःच्या पाठीबरहुकूम ओतलेला साचा बसवायचा, ही आमच्या मॉस्कोकडची रीत. त्याशिवाय परतीचा दणका हाडांना सोसत नाही.

मला कारागीर झिनाइदा पेत्रोव्ना कुरोच्किनाने घडवले. पांढऱ्या अंतर्वस्त्रांत रोदिओन कोमट प्लास्टरमध्ये निजला आणि त्याने हळूच कंबर आखडून घेतली. बसल्या उंचीत तो नियमापेक्षा बोटभर जास्त भरत होता.

"कासव झालास की काय रे? सरळ हो," झिनाइदा म्हणाली.

"अकरा वर्षं उड्डाणाच्या रांगेत उभा आहे, झिनाइदा पेत्रोव्ना. बोटभरासाठी घरी धाडता का मला?"

तिचे मन विरघळले. तिने तेच माप धरले.

वर अंतराळस्थानकातले काम आठ दिवसांचे होते. पण न्यायला येणाऱ्या यानाला गळती लागली आणि आठ दिवसांचे पाच महिने झाले. वर वजन नसले की पाठीचा कणा लांबतो. रोदिओन माझ्यात बसून पाहायचा, तेव्हा माझा कमरेचा उंचवटा त्याला भलत्याच जागी टोचायचा.

खालून डॉक्टरांनी विचारले, "साचा बसतोय ना? टोचत असेल तर सांग, तासून घेता येईल."

"अगदी मापात आहे," तो म्हणाला. कणा लांबणार हे धरूनच साचा ओततात. टोचतो म्हटले असते तर लबाडी उघडी पडली असती.

शेवटी दुसरे यान त्याला घेऊन कझाकस्तानच्या माळावर आपटले. त्याचा मणका माझ्यावरच मोडला. तो आवाज मी ऐकला. खरे सांगतो, मला त्याची दया आली नाही.

चौकशीत तो खाटेवरून म्हणाला, "ओतताना मी हललो नव्हतो." झिनाइदाला कामावरून काढले. ती बोलली असती तर त्याचे पदकही गेले असते, म्हणून ती गप्प राहिली. ती गप्पच मेली.

आता मी संग्रहालयात असतो. पाटीवर लिहिले आहे, 'सदोष साचा. कारागीर : झि. पे. कुरोच्किना.' परवा रोदिओनला चाकाच्या खुर्चीतून शाळेच्या मुलांसमोर आणले. एका मुलीने विचारले, "आजोबा, हा कुणी बिघडवला?"

त्याने पाटीकडे पाहिले. "लिहिलंय ना तिथे, बाळ. वाच."

तिने ते नाव मोठ्याने वाचले. बाकीच्या मुलांनी वहीत उतरवून घेतले.

मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी काही घडवत असेल तर माप खरे द्या. आणि खोटे दिलेच, तर निदान घडवणाऱ्याचे नाव तेवढे पाटीवरून पुसा. मला हात नाहीत.