विभूतीची तीन बोटं

राजनंदिनीनं काचेच्या भट्टीचं झाकण उचललं. निळ्या काचेच्या फरश्या वितळून एकजीव झाल्या होत्या खऱ्या, पण प्रत्येकीच्या कोपऱ्यात पांढरट धुक्याचे तीन पट्टे उमटले होते. पुसले, निघेनात. व्हिनेगर लावलं, ढिम्म. डाग वर बसलेला नव्हताच, काचेतच उतरला होता.

उद्या सकाळी जुळे सोलापूरच्या सोनालीमॅडम देवघराच्या भिंतीसाठी या फरश्या न्यायला येणार होत्या. निळी काच संपलेली, नवी यायला आठवडा तरी लागणार. आणि सासूबाईंशी, म्हणजे अव्वांशी, ठरलं होतं, की ही पहिली ऑर्डर फसली तर मागची, भट्टीची खोली मोकळी करायची. अव्वांना तिथं शेवयांचं मशीन ठेवायचं होतं. भट्टीला त्या 'ते खोकं' म्हणायच्या, तेही नाक मुरडून.

"बोअरच्या पाण्याचे डाग असतील," नवरा म्हणाला. विरुपाक्षला प्रत्येक दुखण्यात बोअरचं पाणीच दिसायचं.

"पाणी काय तीन बोटं उठवतंय व्हय?" राजनंदिनी फणकारली आणि बोलता बोलता थबकली. बोटं. तिनं आपली तीन बोटं पट्ट्यांवर ठेवून पाहिली. पट्टे बारीक होते, तिच्या बोटांचे नव्हते. मग तिनं झाकणाची बाहेरची बाजू बघितली. तिथंही तीन पट्टे, चांगले ठसठशीत, विभूतीचे. आता त्या घरात उठल्याबसल्या विभूती लावणारं माणूस एकच होतं.

ते माणूस दारातच उभं होतं. "लावली की," अव्वा म्हणाल्या. "नव्या कामाला लावू न्हाय व्हय? तू आंघोळीला गेलतीस तवा लावली. कोपऱ्यातच, दिसू नये म्हणून."

राजनंदिनीला असा संताप आला, की विचारू नका. आणि त्याच दमात तिला हसू फुटायला लागलं. जिला ही खोली पाहिजे होती, तीच बाई चोरपावलांनी येऊन एकेका फरशीला विभूती लावून गेली होती, काम जमावं म्हणून. मग काय, राजनंदिनीच्या अंगात वारंच शिरलं.

दुखणं कळलं की औषध तिला ठाऊक होतं. राख काचेत वितळत नाही, तिच्याभोवती काच पांढरी पडते. तेवढा थर घासून काढायचा, वर बिनरंगी काचेची पूड पेरायची आणि वरचा पापुद्रा वितळून चकाकेल एवढाच पुन्हा ताव द्यायचा. तिनं मास्क चढवला, ओढणी कमरेला आवळली. विरुपाक्ष पाणी सोडत राहिला, ती हिऱ्याची पूड लावलेल्या डायमंड पॅडनं घासत राहिली. फरश्या धुतल्या, कोरड्या केल्या, आणि चहाच्या गाळणीतून तिनं पूड भुरभुरली, पोळपाटावर पीठ भुरभुरावं तशी.

आता फरश्या आत ठेवून झाकण लावणार, तोच अव्वा डबी घेऊन हजर. "मागल्या वेळी कमी पडली असंल," म्हणाल्या.

"अव्वा, काचेला नको. ते पांढरं विभूतीनंच पडलंय."

अव्वांचा चेहरा एवढासा झाला. त्या फरश्यांकडं बघत राहिल्या, मग आपल्या बोटांकडं. "मग कुटं लावू?"

राजनंदिनीचे दोन्ही हात पुडीनं भरलेले. ती वाकली आणि तिनं कपाळ पुढं केलं. अव्वांनी तीन बोटं ओढली, जरा जोरातच.

सकाळी भट्टी गार होईपर्यंत थांबायचं म्हणजे शिक्षाच. घाईनं उघडली तर काच तडकणार. सोनालीमॅडमची स्कूटी दारात लागली तेव्हा कुठं भट्टीवरचा तापमानाचा आकडा खाली आला. विरुपाक्षनं झाकण उचललं.

निळं. नुसतं निळं, धुक्याचा मागमूस नाही. आनंदाच्या भरात राजनंदिनीनं नवऱ्याचा दंडच आवळला, तो कळवळला तरी सोडेना. सोनालीमॅडमनी एक फरशी उजेडात धरली. "काय सुरेख झाल्यात. तुम्ही एकटीनं केल्या?"

राजनंदिनीनं तोंड उघडायच्या आत अव्वा पुढं झाल्या. "एकटी कशी करंल? आमी दोघींनी केल्या." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि सुनेला म्हणाल्या, "हितं तुलाच जागा पुरंना झालीया. शेवयांचं मशीन जिन्याखालीच बरं हाय."