मातोश्रींनी मंचावर यावं

“तू इथंच मागं बस वं,” भीमाबाईनं धाकट्या बहिणीला भिंतीजवळची खुर्ची दाखवली. “समोरच्या रांगा पोट्ट्यांच्या मायबापासाठी हायेत.”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. पंचफुला मात्र “हो” म्हणून निमूट बसली.

वस्तीतल्या मंडळानं मॅट्रिक पास झालेल्या मुलामुलींचा सत्कार ठेवला होता. सभागृह गच्च भरलं होतं. मंचावर एका बाजूला धुतल्या कपड्यांतली पोरंपोरी अंग चोरून बसली होती. त्यांत विशाखा होती, वस्तीतून फर्स्ट क्लासात आलेली एकटीच मुलगी. कुणी बोलू लागलं की ती मान तिरकी करून ऐकत होती. ही सवय सरळ तिच्या बापाची. भिवापूरच्या बापाची.

विशाखा पंचफुलाच्या पोटची. भिवापूरला तिचं नाव गुंफा होतं. भीमाबाईची दोन लेकरं जन्मताच गेली, तेव्हा ती वेड्यासारखी होऊन बहिणीकडे येऊन राहिली होती. पंचफुलाची ही धाकटी नऊ महिन्यांची होती. मावशीच्या कुशीत गेली की रडायची थांबायची. भीमाबाई नागपूरला परत निघाली त्या दिवशी पंचफुलानंच पोर उचलून तिच्या ओटीत घातली.

“मॅट्रिक झाली की सांगू तिले,” भीमाबाई रडत म्हणाली होती. “तुही शपथ.”

तेव्हा मॅट्रिक फार लांब होतं. पंचफुला भिवापूरच्या सातऱ्यावर, मिरच्या निवडायच्या आवारात, देठ खुडत राहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी यायची, “मावशी!” म्हणून गळ्यात पडायची, आणि पंचफुला आपले तिखटाचे हात पाठीमागे धरून उभी राहायची. पोरीच्या डोळ्यांची आग व्हायला नको.

आणि आता मॅट्रिक झालं होतं. त्यासाठीच ती सकाळच्या गाडीनं, नवं लुगडं नेसून आली होती.

“कुमारी विशाखा बळीराम नगरारे!” माईकवरचा माणूस म्हणाला. “आणि विशाखाच्या मातोश्रींनीही मंचावर यावं.”

पंचफुला उठली. ठरवून नाही, अंगच उठलं. पुढच्या रांगेत भीमाबाईही उभी राहिली होती, पण जागची हलत नव्हती. ती वळून एवढ्या सगळ्या डोक्यांवरून मागं पाहत होती.

“जा न वं भीमाबाई, काहून थांबली?” शेजारची बाई म्हणाली.

पंचफुलानं तिला हातानंच ‘जा’ म्हटलं आणि खाली बसली.

विशाखानं भाषणाची पहिली दोन वाक्यं पुस्तकातल्यासारखी म्हटली आणि ती अडली. मग मंचावर शेजारी उभ्या भीमाबाईकडे पाहून घरातल्यासारखं बोलू लागली.

“माही माय शाळेत गेली नाही. पण मी वाचाले बसली की ते भाकरी थापता थापता आयकत राहे. मी अडखळली की म्हणे, ‘काहून थांबली? पुन्हा वाच.’ धडा तिले समजत नव्हता. पण मी थांबली, हे तिले बरोबर समजे.”

सभागृह हसलं आणि मग टाळ्यांनी भरून गेलं. भीमाबाई हातातला नारळ छातीशी धरून रडत होती. टाळ्या थांबल्यावर पंचफुलाच्या ध्यानात आलं, आपण वाजवल्याच नाहीत.

बाहेर आल्याबरोबर भीमाबाईनं तिला नळाजवळ ओढलं.

“चाल, आत्ताच सांगून टाकू तिले. मी शब्द देला होता.”

“कोनता शब्द?”

“असं नको करू, पंचफुले. इतके वर्सं मी या दिवसाले भेत राहिली.”

“मग आता नको भिऊ,” पंचफुला म्हणाली. “मले काई आठवत नाही, बाई.”

तेवढ्यात गळ्यात हार तसाच ठेवून विशाखा धावत आली.

“मावशी, आज राह्य न वं! उद्या जाजो.”

“उद्या कामावर जा लागते, बेटा.”

“माहं भाषण आयकलं?”

“सप्पा आयकलं.” पंचफुलानं तिच्या खांद्यावरची फुलाची पाकळी उचलली. “जा गुंफा, माय वाट पाहून राहिली.”

“गुंफा कोन वं?” पोरगी हसली.

“अशीच. तोंडात आलं.”

इतवारी स्टेशनावर भिवापूरकडं जाणारी, अरुंद रुळांवरची छोटी गाडी उभीच होती. डब्यात दाटी होती. समोरच्या बाईजवळ गाठोडं होतं आणि एक लहानशी पोरगी. पोरगी पेंगत होती. पंचफुला थोडी सरकली, पोरगी तिच्या बाजूला येऊन बसली, आणि गाडी हलली तशी तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपून गेली.

“उचलू का वं तिले?” त्या बाईनं विचारलं. “तुले तरास होऊन राहिला असंन.”

“राहू दे,” पंचफुला म्हणाली. “झोपली हाय.”

उमरेड मागं पडलं. पाय पार बधिर झाला होता. पंचफुलानं तो हलवला नाही.