मरून ब्युइकवाल्या बाई

आमच्या ब्रायरफील्डच्या वेशीवर, हायवेवरून उतरल्या उतरल्या, एक पाटी आहे : ‘ब्रायरफील्ड, ओहायो. शेजाऱ्यांचं गाव.’ कुठल्याशा मासिकानं राज्यातल्या राहण्याजोग्या गावांत आमचा चौथा नंबर काढला, तेव्हा ती लावली. चौथा हं, पहिला नव्हे. पण डांगोरा असा पिटला, की जणू गावाला सुवर्णपदकच मिळालं! एकतीस हजार वस्ती, सहा बागा, दोन तळी, आणि अंगणातलं गवत वीतभर वाढलं की नगरपालिकेची नोटीस दारात हजर. फुटपाथ तेवढे कुणी बांधले नाहीत. चालायचंय कुणाला?

या गावात, डॉगवुड लेनवर, वर्नाबाई कोलबेक एकेचाळीस वर्षं राहत होत्या. नवरा मेर्ल सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगी डियॅन तिकडे ॲरिझोनात, टूसॉनला. बाईंचं चर्च माणसंच उरली नाहीत म्हणून बंद पडलं. तिथं आता लोक घाम गाळत जागच्या जागी सायकली मारतात. तरी बाईंना कधी एकटं वाटलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे मेर्लची मरून ब्युइक होती. गाडी गॅरेजमधून निघाली की गल्लीच्या टोकापर्यंत सात-आठ हात तरी वर व्हायचे. पांढरा पिकअप हात करायचा, निळी व्हॅन हात करायची, पाणी मारणारा गडी पाइप तसाच धरून दुसरा हात वर करायचा. बाई स्टिअरिंगवरची चार बोटं उचलायच्या. आमच्याकडे शेजारधर्म म्हणतात तो एवढाच.

ऑगस्टमध्ये त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. लायसन्सच्या खिडकीवर तक्त्यातली तिसरी ओळ काही वाचता येईना. खिडकीतली मुलगी चांगली होती बिचारी, तिनं दोनदा संधी दिली, पण ओळ ती ओळच. लायसन्स गेलं. मग गाडी दारात ठेवून करायचं काय? डायलिसिस सेंटरमध्ये नोकरी करणाऱ्या येसेनिया नावाच्या नर्सला बाईंनी ती देऊन टाकली. येसेनिया पलीकडच्या अपार्टमेंटांत राहायची आणि कामाला जायचा तिचा रस्ता याच गल्लीतून होता.

आठवड्याभरानं ती केक घेऊन आली आणि दारातच म्हणाली, “तुमच्या गल्लीतली माणसं किती प्रेमळ हो! मी नवीन, तरी सगळे मला हात करतात!”

वर्नाबाई हसल्या. केक चांगला होता. पण एक घास घेऊन बाईंनी ताटली बाजूला सारली.

त्यानंतर दोन महिने बाई घरात. किराणा दारात येऊन पडायचा, आणणारा घंटी दाबून पळून जायचा. डियॅन दर रविवारी चार वाजता फोन करायची. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिनं पेच टाकलाच.

“आई, इथं माझ्या घराजवळ एक वृद्धनिवास आहे. खोली रिकामी झालीये. तू तिथं राहणार आहेस.”

“मेले तरी नाही. माझं घर आहे हे.”

“आणि बाथरूममध्ये घसरून पडलीस तर? कुणाला कळेल?”

“अख्ख्या गल्लीला! सगळे ओळखतात मला इथं.”

“सगळे म्हणजे कोण? तीन नावं सांग,” डियॅन म्हणाली. “दोन दिवस तू दिसली नाहीस तर दार ठोठावतील अशी तीन माणसं. पुढच्या रविवारी सांग. सांगितलीस तर पुन्हा विषय काढणार नाही, शपथ. नाही सांगितलीस तर मी तिकीट काढून तुला न्यायला येते.”

“तीन कशाला? तीस सांगते!” म्हणत बाईंनी फोन ठेवला.

मग कागद-पेन घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. पहिलं नाव लिहायला गेल्या आणि पेन अडलं. पांढरा पिकअप. हो, पण त्याचं नाव काय? निळी व्हॅन. तिला जुळी मुलं होती, ती एव्हाना कॉलेजात असतील. पाइपवाल्याचं आडनाव मेर्लला माहीत होतं. एकेचाळीस वर्षं! बाईंना स्वतःचीच लाज वाटली. चूक काही एकट्या शेजाऱ्यांची नव्हती. त्यांनी तरी कधी गाडीची काच खाली करून विचारलं होतं?

पण वर्नाबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. आठवडाभर पाऊस आणि गुडघा दोन्ही आडवे आले. रविवारी दुपारी मात्र ऊन पडलं. बाईंनी मेर्लचा जाड काळा कोट चढवला, टोपी घातली, कागद खिशात टाकला आणि निघाल्या. पायी. घंटी वाजवून, तुझं नाव काय रे बाबा, असं विचारायची भीड वाटली, म्हणून आधी घरांपुढच्या, रस्त्याकडेच्या टपालपेट्यांवरची नावं वाचावीत, मग नाव घेऊन हाक मारावी, असा त्यांचा बेत होता. दिसत कमी, त्यामुळे प्रत्येक पेटीशी वाकून, नाक लावून बघावं लागे. पेट्यांवर नुसते आकडे. मग जरा पुढे होऊन दारावर काही लिहिलंय का ते डोळे बारीक करून बघायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं.

पाचव्या पेटीशी पोलिसाची गाडी येऊन थांबली.

आमच्या गावात पायी चालणारा माणूस म्हणजे एक तर त्याच्याबरोबर कुत्रा हवा, नाहीतर अंगात पळायचे कपडे हवेत. काळ्या कोटातलं, टोपी ओढलेलं कुणीतरी घराघरासमोर थांबून पेट्या चाचपतंय, म्हणजे टपालचोरच! गल्लीतल्या कुणीतरी खिडकीतून फोटो काढून सगळ्यांच्या फोनवर टाकला होता आणि तिघांनी पोलिसांना कळवलं होतं.

पोलीस तरुण होता. आवाज मऊ ठेवून म्हणाला, “मॅडम, काही हरवलंय का?”

“हरवायला काय झालं? मी इथंच राहते. अकराशे सहा.”

“काही ओळखपत्र?”

पर्स घरी होती. लायसन्स तर सरकारनंच काढून घेतलेलं.

“बरं, इथं कुणी ओळखतं तुम्हाला?”

बाईंचा चेहरा उजळला. “न ओळखायला काय झालं! तो पांढरा पिकअप दिसतो ना, त्या घरी विचार. रोज हात करायचा मला.”

पोलिसानं घंटी वाजवली. दार उघडलं नाही. घंटीतल्या कॅमेऱ्यातूनच पुरुषाचा आवाज आला. “हां, बोला.”

“सर, या बाईंना ओळखता का? म्हणतात, गल्लीतच राहतात.”

बाईंनी टोपी काढली, केस सारखे केले आणि त्या काचेच्या टिकलीएवढ्या डोळ्यासमोर तोंड नेलं.

“नाही बुवा,” आवाज म्हणाला. “कधी पाहिल्या नाहीत.”

“अरे, असं काय करतोस? मी अकराशे सहातली! मरून ब्युइक!”

“मरून ब्युइकवाल्या बाई?” आवाज जरा कडक झाला. “ऑफिसर, त्या या नव्हेत. त्या तासाभरापूर्वीच इथून गेल्या. मी हात केला, त्यांनीही केला. चांगल्या ओळखतो मी त्यांना, कित्येक वर्षं!”

वर्नाबाईंनी टोपी परत डोक्यावर घातली. त्यांना तिथंच पायरीवर मटकन बसावं असं वाटलं, पण पायरी दुसऱ्याची होती.

“चला, घरी सोडतो,” पोलीस म्हणाला. त्यानं हात धरून त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. पाच घरांचा रस्ता. कुलपाला बाईंची किल्ली लागली तेव्हा तो ओशाळला, दोनदा माफी मागितली. आत येऊन त्यानं पेलाभर पाणी आणून, अगदी जवळ वाकून हातात दिलं, औषधं वेळेवर घेता ना, असं विचारलं, आणि त्याच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला तसा निघून गेला. कोट अंगात तसाच ठेवून बाई फोनशी बसून राहिल्या.

चारला फोन वाजला.

“हं, आई. नावं?”

नावं काय, कुठलीही सांगता आली असती. बॉब म्हणावं, लिंडा म्हणावं. टूसॉनहून कोण बघायला येणार होतं? बाईंनी त्यासाठी तोंड उघडलंही.

“टॅगार्ट,” त्या म्हणाल्या.

“बरं, एक झालं. कुठं राहतो हा टॅगार्ट?”

“माहीत नाही गं.”

“म्हणजे? मग नाव कसं माहीत तुला?”

“त्याच्या छातीवर लिहिलं होतं,” वर्नाबाई म्हणाल्या. “पोलीस आहे तो. आज दुपारी मी फिरायला निघाले, तर गल्लीनं त्याला बोलावलं.”

“आई, अगं, झालं काय? रडतेस का तू?”

“काही झालं नाही. तू तिकीट काढ.”